कच्चा कागद

फळीवरचा तिसरा गठ्ठा उतरवतानाच कळलं,
बाईला आज हा नको आहे.
तीस वर्षं ती माझ्याकडून तोच नेत आली:
तुरटी आणि सरस पाजलेला पक्का कागद.
त्यावर शाई ठेवाल तिथंच बसते,
शेजारच्या रेषेच्या वाटेला जात नाही.

निए शुलान.
सूचौच्या चित्रशाळेत पंख्यांवरच्या पिओनी तिच्या हातच्या.
एका पाकळीला रंगाचे नऊ पातळ हात,
आणि सही कुठल्याच पंख्यावर नाही.

म्हणाली, "कच्चा दाखव."

मी दोन ताव हवेत झटकले.
पक्का खळखळला, पत्र्यासारखा.
कच्च्यानं आवाजच केला नाही,
धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरासारखा
हातावर पडून राहिला.
तिनं कोपऱ्याला जीभ लावली
(गिऱ्हाइकांनी असं करू नये अशी पाटी आहे,
पण ती माझ्या वडिलांनी लावली होती
आणि ते स्वतःही जीभ लावायचे).
पक्क्यावर ओल विचार करत बसते.
इथं ती केव्हाच पलीकडे गेली होती.

मी सांगत सुटलो, सवयच आहे:
यात छिंगतानची साल कमी, भाताचा पेंढा जास्त,
म्हणून शाई फुटते, पण हळू.
हा दुसरा सालीचा, दणकट, डोंगरदऱ्यांना बरा.
हा अर्धाकच्चा, भित्र्या लोकांसाठी.
आणि ही गुळगुळीत बाजू, ही खरखरीत,
अंधारात बोटानं कळायला हवी...

ती ऐकत नव्हती.
गल्ल्याजवळची कुंचली उचलली तिनं
आणि तेव्हा मला तो हात दिसला.

"पक्क्या कागदावर चुगली होते," ती म्हणाली.
"रेषेची कड करवतीसारखी दिसते.
कच्च्यावर शाई पसरतेच.
कुणाला कळणार?"

खोटं बोललो असतो तर गठ्ठा खपला असता.
म्हणालो, शुलान, हा काही झाकत नाही.
हात थरथरला तर चालवून घेईल,
पण थांबलीस की पितो.
जिथं थांबलीस तिथंच, तेवढाच, काळा डाग.
तू आयुष्यभर थांबत थांबत काढलंयस.

ती काही बोलली नाही. चिटोरं पुढं ओढलं.
पहिला दोडका डबकं झाला.
दुसरा वांगं.
तिसऱ्याला ती श्वास न घेता खाली आली,
शिरांवरून, थरथरतच,
आणि टोकाला मान वाकडी करून सोडून दिलं.
वेलीवर उशिरा राहिलेला, आत जाळी धरलेला दोडका.
तो तिच्या गच्चीवर आहे म्हणे.
भाजीला निघाला नाही. भांडी घासायला ठेवलाय.

मग मी मागच्या खोलीतून
बावीस वर्षं मुरलेला कच्चा आणला.
नव्या कागदात ताप असतो,
तो उतरायला एवढा वेळ लागतो.
भाव ऐकून ती हसली.
"घरी पक्क्याचे चाळीस ताव आहेत. तेही मुरलेत का?"
नाही, म्हणालो. त्यांची तुरटी मरते.
मधेच कुठंतरी गळायला लागतात,
पाकळीत पांढरे ठिपके पडतात.
"म्हणजे तेही आता कच्चेच," ती म्हणाली,
आणि यंदाचे, सगळ्यात स्वस्त, दहा ताव घेतले.
ताप असलेले.
उधारीवर.

कालव्याच्या पुलावरून ती जाताना दिसली,
गुंडाळी काखेत, छत्रीसारखी.

चिटोरं इथंच राहिलं.
उचललं तर खाली जमाखर्चाची वही,
आणि शाई आरपार उतरलेली:
निए शुलानच्या नावापुढं
दोडक्याची फिकी सावली.
आकडा वाचता येत नाही.
विचारावं लागेल तिला, पुन्हा आली की.